प्रॉम्प्टरभाऊ

चंद्रपूरला आमचा आठ पोरापोरींचा नाटकाचा ग्रुप आहे. बंद गोदामात तालीम चालते. मी सिरोंच्याचा, सातवीत शाळा सोडलेला. वाचताना अडखळतो हे कळलं तर भूमिका जाईल, ही धास्ती रोज असायची.

ते ओळखलं फक्त आमच्या तालमीला येणाऱ्या प्रॉम्प्टरभाऊंनी. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांत आयुष्यभर पडद्यामागून संवाद सांगितलेला म्हातारा माणूस. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. माझी पाळी आली की माझं वाक्य आधी हळूच म्हणायचे, बोटानं गुडघ्यावर ठेका धरून. मी ऐकून म्हणायचो.

एकदा चहा पिताना म्हणाले, "काऊन भेतं रे बाबू? तुले वाचता येत नाई, मले आता दिसत नाई. मी बी ऐकूनच पाठ करून राह्यलो."

मग ग्रुपनं ठरवलं, आपलं नाटक नव्या पद्धतीचं, प्रॉम्प्टर नको. तोवर मला सगळं पाठ झालं होतं. मी भाऊंची बाजू घेतली नाही. ते का हवेत, हे सांगावं लागलं असतं.

प्रयोगाला ते शेवटच्या रांगेत होते. माझ्या वाक्यांना त्यांचे ओठ हलत होते.

प्रयोगानंतर गोल बसून प्रत्येकानं एकाचं नाव घेऊन आभार मानायचे, ही आमची रीत. माझी पाळी आली तेव्हा ते दाराशी चपला घालत होते. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. भाऊ म्हणून हाक तरी मारता आली असती.

मी दिग्दर्शकाचं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.