अकरा आवाजांचा माणूस

आमच्या कॉलेजात माझ्या रोल नंबर-शेजाऱ्याइतका हजर विद्यार्थी आजवर झाला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. आणि त्याच्याइतकी कमी हजेरी भरलेला विद्यार्थीही झाला नसेल, हे त्याच शपथेत उरकून टाकतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कशा, हे कळायला आधी आमचं कॉलेज कळायला हवं. नागपुरातलं जुनं, अवाढव्य सरकारी कॉलेज. बी.ए.च्या एका वर्गात सव्वाशे पोरं, हॉलच्या मध्ये चार जाडजूड खांब, फिरले तर खडखडणारे आणि थांबले तर जीव घेणारे पंखे, आणि अर्थशास्त्राला एकच सर. सर विद्वान होते, विभागप्रमुख होते, पण हजेरी घेताना त्यांची मान एकदा मस्टरमध्ये गेली की शेवटच्या नावालाच वर यायची. नावं ते सगळ्यांची घेत, चेहरा कोणाचाच पाहत नसत. अशा हॉलमध्ये त्र्याहत्तर नंबर माझा आणि चौऱ्याहत्तर त्याचा. आडनावाच्या अक्षरांनी आम्हाला शेजारी केलं, बाकी आमच्यात काही म्हणजे काही सारखं नव्हतं. मी हॉस्टेलवर, कॉलेजपासून पाच मिनिटांवर राहायचो आणि रोज उशिरा पोहोचायचो. तो दूरच्या खाप्याहून एसटीनं यायचा आणि गेट उघडणाऱ्या शिपायाच्याही आधी गेटवर उभा असायचा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी त्याला म्हटलं, "समोरच्या टपरीवर चहा घेऊन येतो, हजेरी सुरू झाली तर फोन कर." चहाबरोबर तर्री-पोहे आले, पोह्यांबरोबर गप्पा आल्या, आणि मी परतलो तेव्हा तास संपून पोरं बाहेर पडत होती. मी कपाळाला हात लावला. तो शांतपणे म्हणाला, "लावली ना गा तुही हजेरी."

"कशी काय?"

"तुह्या आवाजात."

मी त्याला असं काही करायला सांगितलं नव्हतं, देवाशपथ. पण बातमी टपरीवर पोहोचायला किती वेळ लागतो? महिनाभरात आम्ही अकरा जण अर्थशास्त्राच्या तासातून कायमचे मोकळे झालो.

त्याचं काम मात्र बघण्यासारखं होतं, म्हणजे आम्ही बघितलं असतं तर. एकाच माणसाचे अकरा 'येस सर' एकाच जागेवरून गेले तर बहिऱ्यालाही संशय येईल, म्हणून तो कधी डेस्कखाली वाकून बोलायचा, कधी भिंतीकडे तोंड करून, कधी तोंडावर वही धरून. नागपुरातल्याच जरीपटका भागातला एक दोस्त होता, कापड दुकानवाल्याचा मुलगा. त्याच्यासाठी घाईघाईचा 'येस्सर', जणू समोर गिऱ्हाईक खोळंबलं आहे. मला त्यानं नाकातला आवाज दिला होता. मी नाकात बोलत नाही असं मी त्याला चारदा सांगितलं, तर म्हणे, "तुले ऐकू येत नाई, बाकी साऱ्यायले येते." रामटेकच्या एका मुलीचं नाव आमच्यात होतं. तिचा आवाज काही केल्या त्याच्या गळ्यातून निघेना, म्हणून तिच्या नावाला तो नुसता खोकायचा. इतकं करुण खोकायचा की एकदा सरांनी मस्टरमधून मान न काढताच तिला ज्येष्ठमध चघळायचा सल्ला दिला. त्यामुळे ती बिचारी जेव्हा खरोखर वर्गात यायची, तेव्हा तिला स्वतः खोकावं लागायचं.

माझी तर आणखीच फजिती. एकदा पाऊस होता, टपरी बंद होती, म्हणून मी वर्गात जाऊन दाराजवळ मागे बसलो. माझं नाव आलं आणि मी आपल्या स्वतःच्या आवाजात 'येस सर' म्हटलं. मस्टरमधूनच सर गरजले, "हा आवाज त्याचा नाही. प्रॉक्सी चालणार नाही." आणि लावली गैरहजेरी. मी साक्षात बसलेलो, आणि गैरहजर. संतापून मी उठून गेलो. दुसऱ्या दिवशी त्यानंच माझी समजूत घातली. "कायले आला होता बे मधातच? मले सांगून येत जा," तो म्हणाला.

आता कोणी म्हणेल, पोरगा लबाड होता. मुळीच नाही. लबाडी करायला जे थोडं आतल्या गाठीचं डोकं लागतं, ते त्याच्याजवळ नव्हतं. त्याचं दुखणं वेगळंच होतं. कोणी नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, तर ते त्याला सहन होत नसे. "नाव घेतलं अन् कोणी बोललंच नाई, तं मले कसंतरीच होते गा," तो सांगायचा. "वाटते का माणूस गेला का काय." हे दुखणं वर्गापुरतं असतं तरी ठीक होतं. कॉलेजात रक्तदान शिबिर झालं, तेव्हा कोणाचं तरी नाव तीनदा पुकारलं गेलं आणि कोणी उठेना. हा उठला, 'हजर' म्हणाला आणि रक्त देऊन आला. अर्ध्या तासानं आणखी एकाचं नाव अनुत्तरित राहिलं, तर हा परत रांगेत. नर्सबाईंनी दंडावरची पट्टी पाहून हाकललं म्हणून वाचला. दुपारी तो माझ्या हॉस्टेलच्या खोलीवर असला, माझा फोन वाजला आणि मी झोपलेलो असलो, तर तो नाकातल्या आवाजात आमच्या आईशी बोलून घ्यायचा. "हो वं आई, जेवलो. हो वं, दहीही घेतलं." त्या दिवशी आई खूश असायची. मी स्वतः बोललो की म्हणायची, "आज तुझा आवाज का असा लागून राहिला?"

त्याची स्वतःची हजेरी? ती तो लावतच नसे. मी एकदा विचारलं, तर त्यालाच माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "जो आहे, त्याची हजेरी कायले पाह्यजे? तो तं दिसूनच राहिला ना. जो नाई, त्याचीच लावा लागते." यावर तुम्हाला उत्तर सुचत असेल तर कळवा.

पहिली दोन वर्षं मस्टर कोणी उघडून पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी वरून कुठूनसं कडक पत्र आलं आणि परीक्षेला वीस-बावीस दिवस असताना नोटीस बोर्डावर अर्थशास्त्राच्या तिन्ही वर्षांच्या हजेरीची यादी लागली. पंचाहत्तर टक्क्यांखालच्यांना परीक्षेला बसता येणार नाही. आम्ही अकरा जण सगळेच्या सगळे वर. माझे एक्क्याऐंशी. आणि यादीत सगळ्यात खाली, चौऱ्याहत्तर नंबर, नऊ टक्के. हे नऊ तरी कुठून आले, याचा मी हिशोब लावला आणि मलाच लाज वाटली. मधे त्याला कावीळ झाली होती आणि तो बरेच दिवस खाप्याला पडून होता. आमचा आवाजच आजारी पडल्यामुळे आम्हाला झक मारत वर्गात बसून त्यानं ठरवलेल्या आवाजात 'येस सर' म्हणावं लागलं. तेव्हा उपकार फेडायचे म्हणून आम्ही त्याची हजेरी लावत होतो. म्हणजे तीन वर्षांत तो फक्त नव्हता तेवढेच दिवस हजर होता.

यादी पाहून तो रडला नाही की ओरडला नाही. बोर्डासमोर उभा राहिला आणि बॅगेचा पट्टा नुसता पिळत राहिला. त्याच्या वडिलांची खाप्यात पिठाची गिरणी आहे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, यंदा बी.ए. झाला तर बी.एड. कर, मास्तर हो; नाही झाला तर गिरणीवर बस, माझ्यानं आता होत नाही. मास्तर व्हायचं त्याच्या मनात शाळेपासून होतं. "गिरणीत कोणाचं नाव घेतलेलं ऐकूच येत नाई गा," एवढंच तो म्हणाला.

त्यानं सरांना जाऊन खरं सांगितलं असतं, की मी रोज होतो आणि हे अकरा नव्हते, तर तो सुटला असता. आम्ही बुडालो असतो. तो काही बोलणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यामुळेच त्या दिवशी टपरीवर कोणाच्या घशाखाली पोहे उतरेनात. शेवटी जरीपटक्याच्या दोस्तानं युक्ती काढली. कागदावर आपण सगळे रोज वर्गात होतो. मग आपणच साक्ष द्यायची की याला रोज पाहिलं. अकरा साक्षीदार आहेत, सर कसे नाही म्हणतील? आमच्या तीन वर्षांच्या खोट्या हजेरीचा एक तरी खरा उपयोग होईल, या विचारानं मला भरून आलं. त्याला ओढत घेऊन आम्ही सरांच्या केबिनमध्ये घुसलो.

सरांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं. "रोज पाहिलंत याला?"

"रोज, सर," आम्ही अकरा जण म्हणालो.

"बरं. बसायचा कुठे?"

घ्या आता. जरीपटकावाला तडक म्हणाला, "लास्ट बेंच, सर." त्याच वेळी मी म्हणालो, "खिडकीजवळ." रामटेकच्या मुलीनं "खांबापाशी, सर" म्हटलं आणि मग आठवण होऊन घाईनं खोकली. आणखी एकानं प्रसंग सावरायला सांगितलं, "माझ्याच बाजूला बसायचा, सर." सरांनी विचारलं, "आणि तुम्ही कुठे बसायचे?" तो खाली मान घालून आपल्या चपला पाहू लागला. त्या हॉलमध्ये तो कुठे बसतो, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. ज्याच्या जिवावर आम्ही तीन वर्षं काढली, त्याची जागासुद्धा आम्हाला सांगता येईना.

सर त्याच्याकडे वळले. "तू सांग."

त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं. "सर, माही हजेरी राहूनच गेली."

"काहून राहिली?" सरांच्या तोंडून अस्सल नागपुरी निघालं.

"मी दुसऱ्या बेंचवर असतो ना सर, तुमच्या टेबलासमोर. वाटलं, तुमाले दिसतच असन."

सर म्हणाले, "घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मी कसा शिकवला, ते सांग." त्यानं घसा खाकरला आणि जो आवाज निघाला, तो ऐकून आम्ही चमकून सरांकडे पाहिलं. सरांचे ओठ मिटलेले होते. "समजा," आवाज म्हणाला, "तुम्ही उपाशी आहात. तर्री-पोह्याची पहिली प्लेट म्हणजे परमानंद. दुसरी म्हणजे आनंद. तिसऱ्या प्लेटला तुम्ही घड्याळ पाहता. आणि चौथी? चौथी प्लेट तुम्ही मित्राला देऊ पाहता, आणि तो मित्र अर्थशास्त्राचा असेल तर पळून जातो." मधेच थांबून टेबलावर दोनदा टकटक, सर खडूनं करायचे तशी. सरांनी आपल्याच आवाजाला दोनदा मान डोलावली. विनोदाच्या जागेवर ते हसलेसुद्धा, कारण त्या विनोदाला इतक्या वर्षांत बहुतेक कोणी हसलं नसावं. तो पुढे पुढे बोलत राहिला, पुढचा तास, त्याच्या पुढचा तास, आणि सर ऐकत राहिले.

शेवटी सरांनी त्याच्या हातातला परीक्षेचा फॉर्म ओढला आणि सही केली. "तीन वर्षं तू माझ्यासमोर होतास आणि मला तुझा चेहरा ठाऊक नाही. हजेरी माझीच कमी भरली," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "तुम्ही लोक उद्यापासून सकाळी साडेसातला. परीक्षेपर्यंत रोज. तुमचे आवाज कोण काढत होतं, हे मी विचारणार नाही. आणि तूही सांगू नको रे."

"हो सर," तो म्हणाला. स्वतःची हजेरी लावावी तसा, हा त्याचा स्वतःचा आवाज. इतका बारीक होता की मला तो कोणा बाराव्याचाच वाटला.

तो पास झाला. बी.एड.ही झालं, आणि आता रामटेकच्या बाजूला एका शाळेत शिकवतो. हजेरी घेताना एकेका पोराकडे पाहून नाव घेतो, त्यामुळे पहिला तास हजेरीतच सरतो, अशी त्याच्या मुख्याध्यापकांची तक्रार आहे असं ऐकतो. भेटी होत नाहीत. फोनवर बोलतो, तेव्हा अजून मला नाकात बोलून दाखवतो.

पण त्याची आठवण निघाली की मला केबिननंतरची ती पहिली सकाळ दिसते. साडेसातला मी डोळे चोळत हॉलमध्ये शिरलो. तो दुसऱ्या बेंचवर, सरांच्या टेबलासमोर बसला होता. बाजूच्या जागेवर चौकडीचा रुमाल अंथरलेला. मी विचारलं, "कोणासाठी धरली?"

"तुह्यासाठीच."

"मी आज येणार म्हणून?"

"आज काहून? रोजच धरतो ना गा. कोणी इचारलं का सांगतो, येऊन राहिला तो."

"तीन वर्षं?"

"हो ना," तो म्हणाला आणि रुमाल उचलून त्यानं जागा पुसली. "आवाज आला, म्हणजे आज ना उद्या माणूसही येईनच, असं वाटे मले."

मी बसलो. त्याच्याकडे पाहायची हिंमत होईना, म्हणून फळ्याकडे पाहत राहिलो. तो तास मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून काढला. सरांनी काय शिकवलं, ते मला आज विचाराल तर एक अक्षर सांगता येणार नाही. मात्र तो कुठे बसला होता, ते आता मला कोणीही, कधीही विचारावं.