कापसाच्या ढिगावरचा सिनेमा

घरात भरून ठेवलेल्या कापसाला सरकीचा एक उबदार वास असतो. परवा समुद्रपूरला एका नातेवाइकाकडे तो आला आणि आमची समोरची खोली आठवली. भाव वाढेपर्यंत कापूस त्याच खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत रचलेला असायचा, म्हणून टीव्ही बघायला आम्ही ढिगावरच चढून बसायचो. अंगाला खाज सुटायची, पण इतकी मऊ खुर्ची कुठल्याच टॉकीजमध्ये नव्हती. बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. एका दुपारी त्यांनी एका गाजलेल्या, काळ्यापांढऱ्या अमेरिकन सिनेमाची सीडी आणली होती आणि पडद्यावरचं बोलणं ते आईला वऱ्हाडीत सांगत होते. हॅट घातलेला तो उंच नायक बाबांच्या आवाजात नायिकेला "जेवली काय?" असं विचारायचा. शेवटी ती गाडीत बसून निघून गेली आणि तो धुरात, फलाटावर एकटाच उभा राहिला. "पोरगी वापस येते," बाबा म्हणाले. "मंग त्याईचं लग्न होते." आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मंग तुमचा आवाज काऊन भरून आला?" बाबा अंगावरचा कापूस झटकत उठले. आता बाबा नाहीत. काल मी तोच सिनेमा मोबाइलवर लावून आईला शेजारी बसवलं. गाडीची शिट्टी झाली तसं खरा शेवट सांगायला मी तोंड उघडलं, तर आईने स्क्रीनवर हात ठेवला. "राहू दे. तुह्या बाबानं सांगतला, तोच शेवट मले पाह्यजे."