तांडेलमामा, नग एक

तांडेलमामा कुणाचीही पिशवी डोळे मिटून तपासायचे. आत हात घालून तीन वस्तूंची नावं घ्यायचे आणि त्या लगेच हाताला लागल्या नाहीत तर अख्खी पिशवी चटईवर उलटी करायचे. साखळी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या माणसाने तीस वर्षं बार्ज चालवली होती, पाळी गावाकडची खनिज माती भरून थेट बंदरापर्यंत. बार्जीच्या सुकाणूवर असतो तो तांडेल. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शापोरा नदीत हाउसबोटीवर एक रात्र राहायचं ठरलं. मी, नवरा, मुलगी, नणंद आणि मामा. बार्ज सोडल्यापासून अकरा वर्षं मामांनी पाण्यावर पाय ठेवला नव्हता. बोट ठरवण्यामागे माझं अर्धं कारण ते होतं, पण ते मी कुठल्याच यादीत लिहिलं नव्हतं.

बाकी सगळं लिहिलं होतं. चार पानं. मामा पेन्सिल घेऊनच बसले. चाकांची बॅग सगळ्यात आधी खोडली गेली. "बाय, चाकां जमनीक. बोटीर ती रातभर फिरत रवतली." पावाच्या जागी त्यांनी उंडे लिहिले, कारण कडक सालीचा उंडा दमट हवेत टिकतो. इस्त्रीच्या साड्या वाचून नदीत कोणाचं लग्न आहे असं विचारलं. लोणच्याला हात लावला नाही. बॅटरीची जागा मात्र ठरवून दिली: प्रत्येकाच्या पिशवीत उजवा कोपरा, म्हणजे कोणालाही कोणाच्याही पिशवीतली सापडेल.

मग तालीम. भर दुपारी आमच्या सोप्यावर, ओसरीच्या जमिनीवर, त्यांनी बोटीतल्या बाकाएवढी जागा खडूने आखली, एकेकाला तिच्यात आडवं केलं, डोळ्यांवर पंचा बांधला आणि दिवे गेल्याचं जाहीर करून उशाच्या पिशवीतून बॅटरी काढायला सांगितलं. मुलीला बॅटरी चटकन मिळाली. नणंदेने माझा चष्मा काढला. नवऱ्याने लोणच्याची बाटली काढली आणि बराच वेळ तिचं बटण शोधलं.

"पात्रांव, पडलो उजवाड?" मामांनी मालकाला विचारावं तसं शांतपणे विचारलं.

संध्याकाळी मी माणसांची यादी पक्की करायला घेतली. मामांनी पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःचं नाव खोडलं. गुडघे आता चढताना वर उचलले जात नव्हते. मी म्हटलं, आम्ही धरू की. त्यांनी मान हलवली.

"बार्जीर चडताना ज्याका धरूचो लागता, तो मनीस न्हय, सामान."

अकरा वर्षांपूर्वी एका खलाशाने चढताना त्यांना हात दिला होता. त्याच दिवशी ते घरी आले, ते पुन्हा गेले नाहीत. हे त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं.

वाद घालून त्यांच्यापुढे कोणी जिंकलं नव्हतं. मी पान उलटलं आणि सामानाच्या यादीत तळाला लिहिलं: तांडेलमामा, नग एक. ओले होऊ देऊ नये. वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ वाचलं. ओळ तेवढीच होती.

"'सांबाळून धरा' म्हणूनय बरय," ते म्हणाले आणि तेही लिहायला वही माझ्याकडे सरकवली.

धक्क्यावर नवऱ्याने आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी उचललं. बोटवाल्याने हे कोण म्हणून विचारलं, तर मामांनी वरूनच सांगितलं, सामान आलंय, सुकाणूपाशी ठेव. त्याने ठेवलं. सूर्य बुडेपर्यंत तो बिचारा त्यांच्या सूचनांनुसार बोट हाकत होता.

पुढच्या वर्षी मामा गेले. त्यांच्याबद्दल बोलताना आमच्या घरात अजून कोणी गंभीर होत नाही, आणि त्याला बोटीवरच्या रात्रीनंतरची ती सकाळ कारण आहे. बोट धक्क्याला लागली. माझ्या वहीत उतरायची वेळ साडेआठ होती. आम्ही उतरलो आणि मामांना घ्यायला हात पुढे केले. ते नदीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मागे पाहिलंसुद्धा नाही.

"माणसां आदीं. सामान शेवटाक उतरयतत."

आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. पावणेदहा वाजले तरी सामान उतरायचं होतं.