एका छपराखालची बस

गोंदियाच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा मी फार महत्त्वाचा माणूस होतो. निदान माझी तशी समजूत होती. या भागाची हवा शुद्ध करण्याचा आराखडा पुण्यात बनत होता, आणि रोज मोटारसायकलवरून नोकरीला जाणाऱ्यांना एका बसमध्ये बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. दहा-बारा वर्षं झाली त्याला. नोकरीसाठी अशी रोज ये-जा करण्याला इकडे अपडाऊन म्हणतात. स्टेशनबाहेर तर्री-पोहे देणारा म्हणाला, "सुबह देखो साहब, पूरा रोड काला." मी खूश झालो. धूर आहे म्हणजे काम आहे.

नवेगाव बांधकडे काळी-पिवळीने (प्रवासी जीपने) निघालो. सार्वजनिक वाहतुकीचा अनुभव घ्यावा म्हणून. अनुभव भरपूर आला. माझा एक पाय आत होता, दुसरा कोणाच्या मांडीखाली होता ते कोहमाऱ्यापर्यंत कळलं नाही. शेजारून मोटारसायकली धूर सोडत पुढे जात होत्या. कोहमारा सुटल्यावर मात्र दोन्ही बाजूंना धानाचे बांध, मागे जंगल, आणि मधूनच चमकणारं तलावाचं पाणी. इथली हवा आणखी काय शुद्ध करायची, असा प्रश्न पडला, पण तो मी मनातच ठेवला.

तलावाजवळच्या त्या गावात शाळेसमोर मोटारसायकलींची रांग उभी होती. इंजिनं अजून गरम होती. फाटकापाशी यमुनाबाई मासोळी विकत बसल्या होत्या.

"कायले आले जी?" त्यांनी विचारलं.

बसचं सांगितलं तर बाई उठूनच उभ्या राहिल्या. त्यांची लेक गोंदियाला नर्सिंग शिकत होती. पूर्वी ती एसटीच्या मुक्कामी गाडीने अधूनमधून संध्याकाळी घरी यायची आणि सकाळी परत जायची, पण ती गाडी बंद झाली. बाईंनी स्वतः जावं, तर सकाळी मासोळी घ्यायची, दिवसभर विकायची. मोकळा वेळ काय तो संध्याकाळचा, आणि संध्याकाळी जायला काही नाही.

"दिवाळीपासून पोरीले पाह्यलं नाही जी. हे गुरुजी लोकं रोज जाते, पण गाडीवर बसवत नाही. म्हणते, बाई, वास येते."

शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, नर्सबाई. मी विचारलं, "रोज गोंदियाहून कोण कोण येतं? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

सगळ्यांच्या मांडीवर हेल्मेट होतं. कपाळापर्यंत चेहरे धुळीने लाल, वर पांढरे. मुख्य गुरुजी शांतपणे म्हणाले, "सर, आपला सगळ्यांचा मुक्काम इधरच आहे." नोकरीच्या गावीच राहायचं, असा सरकारी नियम. तो मोडतो असं स्वतःच्या तोंडाने कोण कबूल करणार? पुराव्यासाठी मला घर दाखवायला नेलं. घर यमुनाबाईंचंच निघालं. एका खोलीच्या दारावर नऊ पाट्या, नऊ आडनावं. आत धानाची पोती, जाळी आणि एक शेळी. शेळीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आगंतुक आहे.

व्हरांड्यात परत येऊन मी कपाळाला हात लावला. प्रवासी नाहीत तर बस कोणासाठी मागायची? धूर सोडणारी सगळी माणसं माझ्यासमोर बसलेली आणि धूर मात्र कोणाचाच नाही.

मागोमाग आलेल्या यमुनाबाई पायरीवरून म्हणाल्या, "काऊन एवढा विचार करून राहिले जी? हे इथंच राह्यते ना? मंग रोज संध्याकाळी गोंदियाले फिराले जाते अन् सकाळी वापस येते, असं म्हणा!"

मुख्य गुरुजींनी ग्रामसेवकाकडे पाहिलं, ग्रामसेवकाने तलाठ्याकडे. मग सगळे हात वर. नर्सबाईंनी तर दोन्ही केले. त्या आनंदात मला मासोळीचा रस्सा आणि भात मिळाला. रस्सा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मंडळींना वाटलं मी भारावलो.

पुण्याच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "ही माणसं रोज संध्याकाळी गोंदियाला कशाला जातात?"

"भाजी आणायला."

"आणि सकाळी परत का?"

"ताजी मिळावी म्हणून, साहेब."

बस मंजूर झाली. अट एकच, कर्मचारी आणि त्यांच्या घरातली माणसं, एवढेच प्रवासी.

पहिल्या फेरीला मी पुन्हा गेलो. संध्याकाळी गावातून बस सुटली. पुढच्या बाकावर यमुनाबाई, मांडीवर लेकीसाठी मासोळीचा डबा. कोहमाऱ्याला तपासनीस चढला. गुरुजींना विचारलं, कुठे राहता? गावात. कुठे चाललात? गोंदियाला फिरायला, सकाळी परत. सगळ्यांचं उत्तर तेच, आणि ते त्याला पटलं. यमुनाबाईंनीही तेच सांगितलं, तेव्हा तो हसला.

"बाई, खरं सांगा. असं कोणी रोज गोंदियाले जाते का? ही गाडी कर्मचाऱ्यांची आहे. उतरा खाली."

भर बसमध्ये खरं बोलणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाच उतरवत होते. मला भयंकर राग आला. पण तोंड उघडलं तर बसचं सगळं पितळ उघडं पडणार. यमुनाबाई डबा सावरत उठल्यासुद्धा.

तेवढ्यात मुख्य गुरुजी म्हणाले, "बसा हो बाई. साहेब, त्या आमच्या घरच्या आहेत."

"घरच्या म्हणजे?"

"आम्ही नऊही जण त्यांच्याच घरात राहतो. येऊन पाट्या बघा."

तपासनिसाने एकाच घरात राहणाऱ्या त्या नऊ जणांवरून एकदा नजर फिरवली आणि तो खाली उतरला. गुरुजी सरकले आणि यमुनाबाईंना आपल्या शेजारी बसवलं. गोंदियाच्या स्टँडवर लेक आधीच येऊन उभी होती. तिने आईला भेटायच्या आधी डबाच हातात घेतला, म्हणून आईने तिला तिथेच झापलं.

पुण्याला परतल्यावर सगळे विचारायचे, हवा सुधारली का हो तिकडची? बाहेरची मला माहीत नाही. बसमधली त्या संध्याकाळी पार बिघडली होती, पुढपासून मागपर्यंत मासोळीचा वास. गुरुजींनी आपल्या बाजूची खिडकी तेवढी हळूच उघडली, पण जागेवरून उठले नाहीत.