सुधाताईंचं रान

सुधाताई गेल्या तेव्हा मी कोल्हापुरात भाचीच्या लग्नात होते. चेन्नईजवळच्या आवडीहून, आमच्या घरून, माझ्या यजमानांचा फोन आला. "सुधाताई गेल्या गं… झोपेतच." लग्नघरात धड रडायचीही सोय नसते. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि काय रडायचं ते रडून घेतलं. आवडीला परतेपर्यंत तेराव्याचा आदला दिवस उजाडला होता. पिशवी घरात टाकून तशीच शेजारी गेले आणि फाटकातच थबकले. अंगण बोडकं झालं होतं. नुसती उकरलेली पांढुरकी माती. त्यांचा एकुलता एक मुलगा महेश पुण्याहून आला होता. तो फावडं धरून मधोमध उभा होता. "बघा काकू, किती रान माजलं होतं! गुडघ्यांमुळे आईला जमत नसणार. उद्या माणसं जेवायला बसणार, म्हणून सगळं साफ केलं." मजूर न लावता त्याने ते स्वतः केलं होतं. तळहातांवर फोड आले होते. त्या हातांकडे बघून मी एवढंच म्हटलं, "खोबरेल लाव रे त्याला."

सुधाताई मूळच्या वाईच्या. त्यांचे यजमान इथल्या संरक्षण कारखान्यात. सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं आणि बाईंनी अंगणात वाई वसवायला घेतली. दर मे महिन्यात माहेरून येताना गुलाब, मोगरा, सोनचाफा, एकदा तर अंजिराचं रोप. आणि बरोबर माती! दुधाच्या पिशव्यांत बांधलेली माहेरची माती, आगगाडीतून, सीटखाली. हमाल विचारायचे, अम्मा, आत काय, दगड? खड्ड्यात ती माती भरून त्या रोप लावत. पहिले काही महिने ते ऐटीत वाढे. मग मुळं वाईची माती ओलांडून आवडीच्या खारट जमिनीत शिरली, की पानं करपायला लागत. त्यात आमचं बोअरचं मचूळ पाणी आणि इथला उन्हाळा. महेशच्या लहानपणी अशी किती रोपं आली नि गेली. पण बाई हट्टी. मी म्हणायचे, "सुधाताई, सुनेला तरी इतकं जपाल का हो?" त्या म्हणायच्या, "सून आली की बघू."

महेश इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तिथेच रमला. पुढे सुधाताईंचे यजमान गेले. त्याच सुमारास चेन्नईत पाण्याची ती भयंकर टंचाई आली. टँकरमागे घागरी घेऊन धावणारे आम्ही, गुलाबाला कुठलं पाणी घालणार? सगळं जळलं. फक्त भिंतीच्या कडेला, कुणी न लावलेलं एक झुडूप पिवळ्या फुलांनी भरून उभं होतं. सुधाताईंनी मला हाक मारून बोलावलं. "अगं मंगल, हा तरवड! आमच्या माळावरचा. इथे याला आवारम म्हणतात म्हणे. मी वाईहून काय काय वाहून आणलं, आणि हा आधीपासून इथलाच…"

त्या दिवसापासून माहेरची माती बंद झाली. संध्याकाळी रुळांच्या कडेने फिरताना त्या शेंगा, बिया गोळा करायच्या. तरवड, निर्गुडी, अडुळसा, करंज, शिवाय मला नावंही ठाऊक नसलेली इथली गवतं. पाणी फक्त पहिलं वर्ष, मग ज्याचं त्याने बघायचं. चारेक वर्षांत फाटकातून घर दिसेनासं झालं. फुलपाखरं इतकी, की दोरीवर वाळत घातलेल्या साडीवरही बसत. मी मात्र नाक मुरडायचे. "लोक बाग करतात, तुम्ही जंगल केलंत. साप निघेल एखाद्या दिवशी." त्या हसायच्या. एकदाच जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "चाळीस वर्षं इथे काढली गं. पाहुण्यासारखीच राहिले. आता कुठे घरी आल्यासारखं वाटतंय."

महेश रविवारी फोनवर विचारायचा, "बाग कशी आहे?" त्या म्हणायच्या, "छान आहे." तो दिवाळीला दोन दिवस येई; त्यातला एक झोपण्यात जाई.

तेराव्याला कावळ्याचं पान अंगणात ठेवलं. कावळे बसत तो करंज आता नव्हता. ऊन चढलं, भात सुकला, एक कावळा फिरकला नाही. माणसं हात जोडून एकेक वचन देऊ लागली. नातवाला खूप शिकवू. घर विकणार नाही. वर्षश्राद्ध नीट करू. मी असलं काही मानत नाही, पण त्या दिवशी माझी नजर सारखी करंजाच्या रिकाम्या जागेकडे जात होती. अखेर गुरुजी म्हणाले, गाईला घाला. महेशने मला बाजूला घेतलं. डोळे लाल झालेले. "काकू, तुम्ही रोज असायचात. आईचं काय राहिलं असेल हो?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "जेवून घे."

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. घर भाड्याने द्यायचं ठरलंय, अंगणात फरशी बसवून टाकतो, म्हणजे पुन्हा रान माजायला नको. त्याने माणूसही ठरवला होता. मी म्हटलं, "महेश, फरशी नको घालूस. एक पाऊस पडून जाऊ दे. मुळं असतील अजून जमिनीत. बियाही पडलेल्या असतील."

"कसल्या बिया?"

मी करंजाचं सांगितलं, तरवडाचं सांगितलं. अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "काकू, ते सगळं आईने लावलेलं होतं?"