औषधाची कोठी

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. आधीच कबूल करते, या सदरातले निम्मे अनुभव वाचताना मी "पित्त झालं असेल" असं म्हणून पुढे गेलेली आहे. आमच्याकडे भुताखेतांना कधी थारा नव्हता. माझं शिक्षण रसायनशास्त्राचं आणि काम जुन्या पोथ्या टिकवण्याचं. खोलीत दमटपणा किती, कागद किती आंबला, शाई पाण्यात सुटते का... जे मोजता येईल त्यावर माझा विश्वास. अंगारे-धुपारे करणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केली आहे आणि अजूनही करते. तेव्हा पुढचं वाचून कुणी माझी टिंगल केली तर मला राग येणार नाही.

गोष्ट उज्जैनची, नव्वदच्या दशकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली. आम्ही फ्रीगंजात राहायचो, टावर चौकापासून पायी पाच मिनिटांवर. हे बँकेत होते आणि त्यांची बदली नीमचला झाली होती. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे परत. एरवी घरात मी आणि सासूबाई.

माझी नोकरी जुन्या शहरात, बक्षी बाजारामागच्या एका गल्लीत. एका ट्रस्टचं छोटं संग्रहालय होतं — नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. थोड्या मूर्ती, थोडी नाणी आणि हस्तलिखित पोथ्यांचा मोठा साठा. पोथ्यांचं संवर्धन माझ्याकडे. पद तात्पुरतं, सहा-सहा महिन्यांची ऑर्डर. त्या काळात जिकडे तिकडे एकच ऐकू यायचं — नवी भरती बंद, खर्च कमी करा. सप्टेंबरात भोपाळहून साहेब येणार होते, आमचा विभाग ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवायला.

आणि मला तिसरा महिना लागला होता.

त्याआधी एकदा दिवस राहिले होते आणि दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हा मी आनंदाच्या भरात दहा जणांना सांगून बसले होते, आणि मग त्याच दहा जणांना उलटं सांगत फिरावं लागलं. तीन महिने झाल्याशिवाय बोलायचं नाही ही आपल्याकडची रीत. मी एवढी बुद्धिवादी, पण या वेळी ती रीत घट्ट धरून होते. सासूबाईंना नाही, आईला नाही, ह्यांनाही नाही. येत्या शनिवारी ह्यांना सांगायचं असं ठरवलं होतं. तोवर फक्त फ्रीगंजातल्या डॉक्टरीणबाईंना आणि मला ठाऊक.

ऑफिसात तर ब्रसुद्धा काढायची सोय नव्हती. बाळंतपणाची रजा मागणारी तात्पुरती बाई कोण ठेवतो? त्यात आमचं काम औषधांचं. अशा अवस्थेत त्या वासाजवळ उभं राहू नये हे मला कळत नव्हतं का? मीच तर त्यातली जाणकार! सांगावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर ते औषध नाकात जातं. इकडे आड तिकडे विहीर. मी रोज सकाळी देवासमोर नाही, तर आरशासमोर उभी राहून स्वतःला सांगायची की आणखी थोडेच दिवस.

आता ते औषधाचं नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पावसाळ्यात पोथ्यांना कसर लागते. ती मारायला विषारी वाफ द्यावी लागते. इमारतीच्या मागे दगडी धान्यकोठी होती, तीच आम्ही त्यासाठी वापरायचो. आत लोखंडी रॅकच्या तीन रांगा. पोथ्यांची बासनं सोडून त्या गठ्ठ्यांनी त्यावर ठेवायच्या आणि पुढच्या रॅकच्या वरच्या फळीवर औषधाच्या ताटल्या. ही वाफ हवेपेक्षा जड, वरून खाली उतरत जाते. मग दार लावायचं, फटींवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, पट्टीवर माझी सही, आणि आठ दिवस उघडायचं नाही. आवाज नव्हे पण हवा अडावी म्हणून दाराला आतून नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर ठोकला होता, तोही माझ्याच आग्रहाने. शेवटची पट्टी मी स्वतः लावायची, आत कुणी नाही याची खात्री करून, हा नियमही माझाच.

तो श्रावणातला सोमवार होता. महाकालची सवारी, म्हणजे देवाची पालखी, चारला निघते, म्हणून अर्ध्या दिवसाची सुट्टी. वासाने मला सकाळपासून मळमळत होतं. कधी नव्हे ते मी पट्ट्यांवर आधीच सह्या करून टाकल्या आणि आमच्या रामरतन काकांच्या हातात दिल्या. काका तिथले सगळ्यात जुने चपराशी, साठीला टेकलेले, चार मुलींचे बाप. त्यांना म्हटलं, "काका, मैं दो बजे निकल जाऊँगी. आप दवाई डाल के बंद कर देना."

"आप बेफिकर जाओ मैडम जी," ते म्हणाले. "अपन को भी सवारी में जाना है."

दोनला मी निघालेही. फाटकाशी चप्पल घालताना आठवलं की मागच्या रांगेत भैरवगढच्या एका कुटुंबाने दिलेली पोथी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. प्लॅस्टिकच्या आत वाफ जात नाही. तेवढी एक पोथी राहिली तर तिच्यातली कसर पुन्हा सगळ्यांना लागणार. काका अंगणात नळावर खळ कालवत होते, पाठ माझ्याकडे. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून मी न सांगता आत गेले.

पिशवीची गाठ सुटता सुटेना. तेवढ्यात काका नाकाला गमछा बांधून आत आले आणि पुढच्या रॅकवर औषध ओतायला लागले. वास आला मात्र, माझ्या पोटात ढवळून आलं. मी मागच्या भिंतीला टेकून बसले आणि तोंडात पदर कोंबला. काकांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, "कोई है क्या अंदर?"

मी ऐकलं... आणि गप्प राहिले.

या दहा सेकंदांसाठी मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. तोंड उघडलं असतं तर उलटी झाली असती, आणि चार मुलींच्या बापाला काय ते लगेच उमगलं असतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या ऑफिसात झालं असतं. मला वाटलं, दुसरी बाटली आणायला ते बाहेर जातील, तेवढ्यात मी सटकेन. पण दुसरी बाटली त्यांच्या हातातच होती. दिवा गेला. बटण बाहेर होतं. मग दार लागलं आणि बाहेरून लोखंडी आडणा पडल्याचा आवाज आला.

मी धावले, रॅकवर आपटले, दारावर मुठी मारल्या. नमद्यावर मारलेल्या मुठीचा आवाज तो काय होणार? गल्लीच्या तोंडाशी सकाळपासून भोंग्यावर भजनं चालली होती. कानही न देता काका आपले भराभर पट्ट्या लावत असणार, माझ्या सह्यांच्या. त्या पट्ट्यांचा अर्थच असा की मॅडमनी पाहिलंय, आत कुणी नाही. म्हणजे मला कुणी शोधणारही नव्हतं. सासूबाई म्हणणार सवारीच्या गर्दीत अडकली. त्या घाबरून कुणाला सांगेपर्यंत रात्र होणार, आणि वाफ तेवढी थांबत नसते. हे सगळे हिशेब मला तोंडपाठ होते आणि त्याचाच मला राग आला. दुसरी एखादी बाई असती तर निदान काही काळ आशेवर राहिली असती.

खाली बसायचं नाही, एवढं मात्र माझ्या शिक्षणाने सांगितलं. मागच्या भिंतीत वर एक झरोका होता, आतून कागदाने आणि बाहेरून पत्र्याने बंद केलेला. हात पोहोचत नव्हता. मी अंधारात चाचपडत पोथ्यांचे गठ्ठे काढले, एकावर एक रचले आणि त्यावर चढले. लहानपणी पुस्तकाला चुकून पाय लागला तरी कपाळाला हात लावणारी मी... दोन-तीनशे वर्षांच्या पोथ्यांवर दोन्ही पाय रोवून उभी होते. एक पान मोडल्याचा आवाज आला. मला रडू फुटलं, पण मी उतरले नाही.

कागद फाडला. पत्र्याचा एक कोपरा खेचून खेचून दोन बोटं जातील एवढा वाकवला, बोटं कापली. त्या फटीला नाक लावून उभी राहिले. बाहेर बोळ होता, ज्यात कुणी येत नाही. भीतीने मला हिंदी सुचलीच नाही. मराठीतूनच ओरडत होते, "मी आत आहे... अहो, मी आत आहे!" मग झांजा ऐकू यायला लागल्या, डमरू, बँड आणि "जय महाकाल"चा गजर. सगळं उज्जैन शंभर पावलांवर होतं आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. डोकं ठणकत होतं. एक हात पत्र्यावर आणि एक पोटावर. मला मरणाची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त याची, की मी वाचेन आणि पुन्हा तेच उलटं सांगत फिरावं लागेल.

किती वेळ गेला सांगता येत नाही. झांजा अगदी जोरात असतानाच आडणा सरकल्याचा आवाज आला. पट्ट्या फाटल्या, दार उघडलं आणि उजेड आत आला. मी गठ्ठ्यांवरून अक्षरशः घसरत खाली आले. काकांनी मला धरून बाहेर ओसरीवर आणलं, पाणी दिलं. मी उलटी केली. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं.

मला वाटलं, आता रडतील, माफी मागतील. तसं काहीच नाही. मला खांबाला टेकवून त्यांनी नाकाला गमछा बांधला, बॅटरी घेतली आणि परत आत गेले. मी ओरडले, "काका, अंदर मत जाओ!" पण ते वाकून एकेका रॅकखाली उजेड पाडत होते. गठ्ठे बाजूला करत होते. आणि हाका मारत होते, "बाहर आ जाओ बेटा... डरो मत... बाहर आ जाओ."

खोकत बाहेर आले, म्हणाले, "दूसरा कहाँ है?"

"दूसरा कौन, काका?"

"आपने ही तो बोला न." त्यांचा श्वास लागला होता. "मैं रस्सी के पास खड़ा था, पालकी बीस कदम पे थी. आप आईं, यही साड़ी, और बोलीं, काका, हम दोनों अंदर रह गए हैं, जल्दी चलो. फिर आप मेरे आगे-आगे चल री थीं, भीड़ हटती गई. गली के मोड़ तक मैंने देखा आपको..." इथे ते थांबले. मी तर आत होते हे बहुधा तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं. पण ते नवल करायला त्यांना सवड नव्हती. ते पुन्हा गमछा बांधायला लागले. "दूसरा कौन है मैडम जी, बोलो तो सही, मर जाएगा वो अंदर!"

तीस वर्षं त्यांनी एकही सवारी चुकवली नव्हती. त्या दिवशी पालखी वीस पावलांवर सोडून ते आले होते, आणि आता न दिसणाऱ्या कुणासाठी तिसऱ्यांदा त्या वाफेत शिरायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला.

"मत ढूँढो काका," मी म्हटलं. "दोनों बाहर आ गए."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझा दुसरा हात पोटावर होता तिकडे पाहिलं, आणि ओसरीवरच मटकन बसले. नवऱ्याच्या आधी, सासूच्या आधी, जन्मदात्या आईच्याही आधी ही बातमी मी एका चपराशाला सांगितली. मग मात्र आम्ही दोघंही खूप रडलो.

बाकी थोडक्यात. सह्यांची चूक मी स्वतः लिहून दिली, काकांवर काही येऊ दिलं नाही. सप्टेंबरात माझी मुदत वाढली नाही. कागदावर कारण "निधीअभावी". पोटातलं टिकेल की नाही या धास्तीत पुढचे महिने मी कशी जगले ते माझं मला माहीत. फाल्गुनात मुलगी झाली, धडधाकट. काका तिला बघायला दवाखान्यात आले, तिच्या मुठीत एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "बहुत ढूँढा तेरे को."

पुढे मी त्यांना निदान पाच-सहा वेळा खोदून खोदून विचारलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. काही वर्षांपूर्वी ते गेले.

मी माझ्या परीने उत्तरं शोधली आहेत. गर्दीत माझ्यासारखी दुसरी बाई असेल? असेल, पण ती हे का बोलेल? दार लावताना काकांना आतून काही जाणवलं असेल आणि गर्दीत त्यांच्या मनाने माझं रूप उभं केलं असेल? हे मला पटत आलं होतं. चार मुलींच्या बापाने माझी अवस्था कधीच ओळखली असेल, हेही मी मान्य करायला तयार आहे.

पण तसं असतं, तर "दोनों" म्हणजे कोण ते त्यांना कळलं असतं, ते रॅकखाली वाकून शोधत बसले नसते. इथे येऊन माझी अक्कल थांबते. तुमच्यापैकी कुणाची पुढे जात असेल तर जरूर कळवा.