भिंतीपलीकडे गेलेली वायर

‘हे तुला जमणार नाही’ असं कोणी म्हटलं की थोरली कामाला लागायची. लग्नानंतर ती हाताने भरतकाम करायची, तेव्हा घरचे पायमशीन घेऊ नकोस म्हणाले, तिने घेतली. मग कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन घ्यायची म्हटल्यावर नवरा म्हणाला, “या वयात बटणं दाबत बसणार तू?” मशीन आली आणि हॉलमधला सोफा बाहेर गेला. तेव्हापासून हॉटेलच्या वेटरांचे शर्ट, नर्सबाईंचे एप्रन, पोहण्याच्या क्लबचे टॉवेल, सगळ्यांवरची नावं आणि चिन्हं तिच्याच हॉलमधून भरून जायची.

चित्र मात्र ती काढत नसे. ते काम धाकट्या जावेचं. धाकटी घराच्या मागच्या भागात राहायची. नव्या कॉम्प्युटरवर ती नक्षी बसवायची, पेन ड्राइव्हमध्ये भरायची आणि मधल्या दारातून आणून द्यायची. थोरली चिंधीवर एक नमुना भरून बघायची. पान जाड आलं, अक्षर चिकटलं, की पेन ड्राइव्ह परत मागे. दिवसभर दोघींची ये-जा चालायची. भांडायच्याही, पण ते टाक्यांवरून.

मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून दोघा भावांचं वाजलं. कोणी मोटर चालू ठेवली, कोणाचं पाणी वाहून गेलं, यावरून शब्दाने शब्द वाढत भांडण थेट वडिलांचं नाव काढण्यापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी थोरलीच्या नवऱ्याने मधल्या दाराला कपाट लावलं.

“आजपासून त्या घरात पाऊल टाकायचं नाही,” तो म्हणाला.

“आणि माझं काम?”

“काम बघू नंतर.”

तिकडे दिरानेही कसर ठेवली नाही. दोन्ही घरांचं इंटरनेट त्याच्या नावावर होतं, त्याने पासवर्ड बदलला. धाकटी फोनवर फाइल पाठवायची, पण थोरलीचा जुना कॉम्प्युटर तिचा फोन काही केल्या ओळखत नसे. वर क्लबच्या सेक्रेटरीबाई रोज विचारायच्या, टॉवेल कुठे अडकले म्हणून.

थोरलीने कॉम्प्युटरच्या दुकानदाराला बोलावलं. दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडून द्याल का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्याने जुन्या कॉम्प्युटरवर टकटक केलं. “हा डबा फेका, काकू. याला काही जोडता येणार नाही. नवीन घ्या.”

“डबा चालतोय,” थोरली म्हणाली. “तुमचा सल्ला चालत नाहीये.”

त्याच्याच दुकानातून तिने लांब नेटवर्क केबल आणली. नवरा कामावर गेल्यावर ती स्टुलावर चढली. कपाटाच्या वर, दाराच्या चौकटीपाशी, जाळी सुटलेला एक झरोका होता. गुडघा ठणकत होता, पेन ड्राइव्हसाठी दर खेपेला इथे चढणं जमणारं नव्हतं; एकदाच म्हणून तिने वायरचं टोक आत ढकललं. पलीकडून धाकटीने ते ओढून घेतलं.

“आली का गं?”

“आली, ताई. धुळीसकट आली.”

दोन्ही टोकं खोचली, पण थोरलीच्या कॉम्प्युटरमागचा दिवा लागेना. तिने टोक काढून बघितलं, तर त्यावरची प्लॅस्टिकची जीभ मोडलेली. खेचाखेचीत कपाटाच्या कडेला अडकली असणार. तिने ते टोक दाबून धरलं, तसा दिवा लागला. मग तिने वायर काढून दुकानात नेली, नवं टोक बसवून घेतलं आणि पुन्हा झरोक्यातून ओवली.

फोनवर जोडणी शिकवणारा व्हिडिओ लावून दोघी पुढे सरकल्या. प्रत्येक कॉम्प्युटरला हाताने एक नंबर द्यायचा होता. दोघींनी दिला. लगेच दोन्हीकडे तक्रार उमटली, नंबर आधीच वापरात आहे.

“तू कोणता टाकलास?” थोरलीने भिंतीपाशी जाऊन विचारलं.

“व्हिडिओतला.”

“अगं, मीपण तोच टाकला.”

भिंतीच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं. धाकटीने शेवटचा आकडा बदलला. आता तिचा कॉम्प्युटर हाक मारायचा, तेव्हा थोरलीचा ओ द्यायचा. उलट्या दिशेने मात्र सगळं चिडीचूप. थोरलीने पुन्हा पुन्हा करून बघितलं. वायर ठीक, दिवा ठीक, नंबर ठीक. म्हणजे तिकडेच काहीतरी अडवत होतं.

“तुझ्याकडे फायरवॉल म्हणून काही आहे का बघ. अनोळखी नेटवर्क समजून दार लावून बसलं असेल.”

जरा वेळाने धाकटीचा आवाज आला. “आहे, ताई. पण ते ह्यांनी लावलंय. ह्यांना विचारावं लागेल.”

“कॉम्प्युटर कोणाच्या पैशाचा?”

“माझ्या.”

“त्यावर काम कोण करतं?”

पलीकडून माउसचा एक क्लिक ऐकू आला, मग आणखी एक. “बंद नाही केलं,” धाकटी म्हणाली, “आपलं नेटवर्क घरातलं आहे, एवढंच सांगितलं त्याला.”

थोरलीच्या पडद्यावर उत्तरं येऊ लागली, एकाखाली एक. धाकटीचा फोल्डर उघडला. आत क्लबचं चिन्ह होतं, पोहणारा मासा. तिने तो मशीनवर चढवला.

संध्याकाळी नवऱ्याला कपाटावरची वायर दिसली.

“हे काय?”

“मी पाऊल टाकलं नाही,” थोरली दोरा ओवत म्हणाली. “वायर गेली.”

“काढ ती.”

“नाही काढणार.”

“मी कापेन.”

“कापा. मग मी पुढच्या दाराने जाईन. फाइल आणायला, नमुना दाखवायला, परत आणायला. गल्ली बघत बसेल. कोणी विचारलं तर सांगेन का जाते ते.”

तो वायरकडे बघत राहिला. मग स्टूल ओढलं. थोरलीला वाटलं, चढतोय आता. पण तो त्यावर बसला आणि बूट काढू लागला.

“टाकीचं भांडण तुमचं आहे,” ती म्हणाली. “ते तुम्ही दोघं मिटवा नाहीतर वाढवा. आम्हाला त्यात घेऊ नका.”

त्याने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. थोरलीने मशीन चालू केली. तिचा आवाज टीव्हीपेक्षा बराच मोठा होता, आणि टॉवेलांची चळत अजून भरपूर उरली होती.